पंतांचा मुक्काम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत आमच्या आधी बोलून गेलेल्या वक्त्यांचे विषय थोर होते. कोणी पानिपतावर बोलले, कोणी ज्ञानेश्वरीवर, कोणी दिल्लीतील मराठी माणसाच्या भवितव्यावर. आमच्या वाट्यास पोपट आला. कार्यकारिणीच्या पत्रात विषय स्पष्ट शब्दांत नमूद होता: ‘मोठा पोपट घरी पाळण्याचा अनुभव’. तीस वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत काढलेल्या माणसास लेखी आदेश आला की तो पाळावयाचा, हे अंगवळणी पडलेले असते. शिवाय ‘पोपटपंची’ हा शब्द आपली भाषा ज्यांच्यासाठी राखून ठेवते, त्यांत वक्ते आणि सरकारी अधिकारी ह्या दोघांचाही समावेश होतो. तेव्हा ह्या विषयावरील आमचा अधिकार दुहेरी आहे असे मानण्यास हरकत नाही.

विषयाची मर्यादा आरंभीच सांगून टाकतो. आम्ही पक्षितज्ज्ञ नाही, साधे बी. ए. आहोत, आणि तेही इतिहास घेऊन. आम्ही सांगणार आहोत ते झाशीच्या राणीचे नाव मिरविणाऱ्या लक्ष्मीबाई नगरातील एका सरकारी निवासस्थानात, मोजक्या खोल्या आणि एक व्हरांडा एवढ्या राज्यात, एका मोठ्या पोपटाबरोबर काढलेल्या काही वर्षांविषयी. आणि त्या अनुषंगाने उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी. जो जीव आपल्यामागे बहुधा आणखी काही दशके जगणार आहे, त्यास घरी ठेवण्याचा अर्थ काय, हा तो प्रश्न.

प्रथम परंपरेकडे वळू. पोपटाचे मराठी भाषेवर एक ऋण आहे, ते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हिंदीत ज्यास उपन्यास आणि गुजरातीत नवलकथा म्हणतात, त्या वाङ्मयप्रकारास मराठीने आणि कन्नडने ‘कादंबरी’ हे नाव दिले. ते आले सातव्या शतकातील बाणभट्टाच्या कथेवरून. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारी एक चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यात वैशंपायन नावाचा पोपट घेऊन येते, आणि तो पोपटच पुढील कथा सांगू लागतो. म्हणजे आपल्या समस्त कादंबरीकारांचा मूळ पुरुष पिंजऱ्यातून बोलला, असे म्हणावयास हवे. मदनाचे वाहन पोपट, मदुरेच्या मीनाक्षीच्या हातावर पोपट, मंडनमिश्रांच्या दारात वेदप्रामाण्याची चर्चा करणारे पोपट. अमरुशतकात तर एक पोपट रात्री ऐकलेले पतिपत्नींचे खाजगी बोलणे सकाळी वडीलधाऱ्यांसमक्ष म्हणू लागतो, आणि ती बिचारी सून डाळिंबाचा दाणा म्हणून कानातले माणिक त्याच्या चोचीत कोंबते. ज्यांच्या घरी बोलका पोपट आहे त्यांस ह्या श्लोकात अतिशयोक्ती मुळीच दिसणार नाही.

ह्या साऱ्या उल्लेखांत एक गोष्ट समान आहे. पोपट बोलतो आणि माणसे कौतुक करतात. पोपटाचे स्वतःचे काय होते, हे विचारण्याची तसदी बाणभट्टाने घेतली; त्याकडे आम्ही पुढे येऊच.

पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिरवा राघू येतो. कंठाभोवती काळी-गुलाबी कड, लाल चोच, आणि लांबी शेपटीसह सुमारे ४० सेंटिमीटर. त्याचा थोरला भाऊ म्हणजे ज्यास दिल्लीत पहाडी पोपट म्हणतात तो. लांबी सुमारे ५८ सेंटिमीटर, खांद्यावर तांबडा पट्टा, चोच थोराड, आवाज घोगरा. इंग्रजीत ह्यास अलेक्झांडरच्या नावाने ओळखतात, कारण त्याच्या स्वारीनंतर हिंदुस्थानचे पोपट ग्रीकांच्या देशी गेले अशी प्रसिद्धी आहे. हे दोन्ही पक्षी पेरू आणि मिरची खाऊन आपल्या आजोळी, मावशीकडे, वाड्याच्या ओसरीवर ‘विठू विठू’ म्हणत असलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. परंतु आज ह्यांपैकी कोणताही पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने भारतीय पोपटांस संरक्षण दिले, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभापासून भारतीय वन्य पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम नमूद केली.

आमच्या घरी जे गृहस्थ आहेत ते परदेशी आहेत. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या अरण्यांतील करडा पोपट ही त्यांची जात. लांबीने ते आपल्या राघूहून थोडे कमीच, कारण शेपूट आखूड. पण वजन राघूच्या तिप्पट-चौपट, साधारण अर्धा किलो. सर्वांगावर राखी पिसे, डोळ्यांभोवती पांढरी कातडी, आणि पाठीमागे लालभडक शेपूट. करडा सफारी आणि मागे लाल फीत, असे हे रूप पाहून आमच्या कन्येने उद्गार काढला, ‘बाबा, हे तर तुमच्याच खात्यातले दिसतात.’ म्हणून त्यांचे नाव पंत ठेवले. २०१३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका केंद्रीय तपास यंत्रणेस पिंजऱ्यातील पोपटाची उपमा दिली, तेव्हापासून सरकारी अधिकाऱ्याच्या घरी पोपट असणे हा तसा नाजूक विषय झाला आहे. पण पंतांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पंत आमच्याकडे २०१९ साली आले. त्यांचे वय तेव्हा सहा वर्षांचे होते. ते पिंजऱ्यात जन्मलेले, आणि आमच्या शेजारच्या एका तमिळ कुटुंबात वाढलेले. ते गृहस्थ निवृत्त होऊन तिरुचिरापल्लीस परत निघाले. वृद्ध आई, सामान, आणि तिकडचे लहानसे घर. पोपटाची व्यवस्था लागेना. वर्षानुवर्षे आमच्या व्हरांड्याशी बोलणारा तो पक्षी अपरिचित हाती जाऊ नये, म्हणून तो आमच्याकडे आला. २०२० च्या जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी स्वेच्छेने माहिती देण्याची योजना काढली, तेव्हा आम्ही पंतांची नोंद केली. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत अशा प्राण्यांच्या नोंदणीचे नियमच झाले; जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण ह्या सर्वांची नोंद सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. तीही केली. आमच्या स्वतःच्या सेवापुस्तकापेक्षा पंतांचे कागद अधिक व्यवस्थित आहेत.

आता सहवासाकडे येतो. मोठा पोपट ही शोभेची वस्तू नव्हे, हे पहिल्या महिन्यातच कळते. नव्या घरी आल्यावर पंतांनी अन्न कमी केले आणि छातीवरची पिसे स्वतःच्या चोचीने उपटण्यास आरंभ केला. पशुवैद्यांनी तपासून सांगितले की रोग शरीराचा नाही. माणसे बदलल्याचे दुःख आहे. औषध एकच, सोबत. आमच्या सौभाग्यवतींनी शिवणाचे यंत्र त्यांच्या खोलीत नेले; कन्या अभ्यासास तेथेच बसू लागली; आम्ही सकाळचे वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागलो. अरण्यात हे पक्षी शेकडोंच्या थव्याने झोपतात. ज्याच्या रक्तात शेकडोंची संगत आहे त्यास एकाकी खोली म्हणजे काय वाटत असेल, ह्याचा विचार करावा. छाती पुन्हा भरून येण्यास जवळजवळ वर्ष लागले.

त्यांची दिनचर्या कडक आहे. दहा-बारा तास झोप, आणि ती पूर्ण अंधारात. म्हणून सायंकाळी पिंजऱ्यावर जाड चादर. दिवसातून तीन-चार तास पिंजऱ्याबाहेर वावर. कुरतडण्यास लाकूड हवेच, कारण चोच सतत वाढत असते. लाकूड दिले नाही तर ते स्वतः शोधतात. गतवर्षीच्या दिनदर्शिकेतील सर्व रविवार त्यांनी खाऊन टाकले. उरलेले दिवस कामाचे होते, त्यांस स्पर्श केला नाही.

आहाराविषयी आपल्या घरांत मोठे गैरसमज आहेत. पाहुणा येतो आणि प्रेमाने शेव, चिवडा किंवा चहात बुडविलेले बिस्किट पुढे करतो. मीठ, चहा, कॉफी आणि चॉकलेट ही ह्या पक्ष्यास विषासमान आहेत. अलीकडे बाजारात येऊ लागलेले अॅव्होकॅडो तर प्राणघातक. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला पोपट लठ्ठ होतो आणि आतून खंगतो. करड्या पोपटास कॅल्शियमची आणि अ-जीवनसत्त्वाची उणीव लवकर भासते. म्हणून मोड आलेली मटकी, उकडलेला मका, गाजर, तांबडा भोपळा, शेवग्याचा पाला, पेरू आणि डाळिंब. ह्यांपैकी बहुतेक जिन्नस मराठी स्वयंपाकघरात असतातच. मिरचीचे मात्र गौडबंगाल वाटे. हिरवी लवंगी मिरची पंत पेढ्यासारखी खातात. त्याचे कारण असे की मिरचीतील ज्या द्रव्याने आपल्या जिभेची आग होते, ते ओळखणारी यंत्रणा पक्ष्यांत त्या प्रकारची नसते. सस्तन प्राण्यांनी दूर राहावे आणि पक्ष्यांनी बी दूरवर न्यावे, अशी ही मिरचीची योजना आहे.

दुसरी गोष्ट हवेची. पक्ष्यांच्या फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, आणि शरीरभर पसरलेले वायुकोश तिला साह्य करतात. ह्या रचनेमुळे प्राणवायू उत्तम मिळतो. पण विषही तितक्याच तत्परतेने पोहोचते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून १९८६ पर्यंत पिवळे कॅनरी पक्षी बाळगीत असत ते ह्याच कारणास्तव. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या लेपातून निघणारी वाफ माणसास जाणवतही नाही, पण शेजारच्या खोलीतील पोपट काही मिनिटांत दगावू शकतो. आमच्या घरातून तो तवा गेला आणि सौभाग्यवतींच्या माहेरचा बिडाचा तवा माळ्यावरून खाली आला. उदबत्ती देवघराच्या खिडकीपाशीच, डासांची कॉइल बंद. नोव्हेंबरात दिल्लीचे आकाश धुरकटते तेव्हा पंतांची खोली बंद ठेवून हवा शुद्ध करणारे यंत्र चालवावे लागते. कित्येकदा आमच्या मनात येते की राजधानीच्या हवेचा खरा अहवाल द्यावयाचा तर तो पंतांकडून मागवावा.

आता त्यांच्या बोलण्याविषयी. पक्ष्यांचे स्वरयंत्र आपल्यासारखे गळ्यात नसते; श्वासनलिकेला जेथे दोन फाटे फुटतात तेथे, छातीत खोलवर असते. त्यास पोपटाच्या मांसल जिभेची जोड मिळाली की हुबेहूब मानवी उच्चार निघतो. पंत पहाटे पाण्याच्या मोटरीचा आवाज काढतात. त्यानंतर कुकरच्या तीन शिट्या. मग कबाडीवाल्याची आरोळी. दूरध्वनी वाजला की ‘ते अंघोळीला गेलेत’ हे वाक्य आमच्या सौभाग्यवतींच्या स्वरात उच्चारतात, आणि तेही आम्ही समोर बसलेले असताना.

हे सारे निव्वळ अनुकरण आहे काय? ‘पोपटपंची’ हा शब्द तसे सुचवितो. परंतु अमेरिकेतील आयरीन पेपरबर्ग ह्या विदुषींनी १९७७ साली शिकागो येथील दुकानातून एक करडा पोपट विकत घेतला, त्याचे नाव अॅलेक्स ठेवले, आणि तीस वर्षे त्याच्यावर प्रयोग केले. हा पक्षी वस्तूंची नावे, रंग आणि आकार सांगे, सहापर्यंत मोजी, आणि दोन वस्तूंत कोणती गोष्ट समान व कोणती भिन्न हे ओळखून सांगे. त्यास शिकविण्याची पद्धत मोठी बोधप्रद होती. दोन माणसांनी त्याच्यासमोर परस्परांशी बोलावयाचे, वस्तू मागावयाची आणि द्यावयाची. ते पाहून पोपट संवादात शिरे. म्हणजे तो पाठांतराने शिकला नाही, संगतीने शिकला. २००७ साली तो ३१ वर्षांचा होऊन वारला. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की करडे पोपट स्वतःस काही लाभ नसतानाही शेजारच्या पोपटास अन्न मिळावे म्हणून आपल्याजवळचे बिल्ले त्यास देतात. हे वाचल्यापासून ‘पोपटपंची’ हा शब्द आम्ही फक्त माणसांसाठी वापरतो.

पंत आमच्याकडे आले तेव्हा दोन शब्द वारंवार म्हणत: ‘वा, कण्णा’. आम्हां मराठी माणसांस वाटले की ही दाद आहे; कन्या काही वाजवू लागली की तेही ‘वा’ म्हणत, त्यामुळे आमची खात्रीच पटली. पुढे कळले की तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये, आणि कण्णा म्हणजे बाळकृष्ण, सोन्या, लाडक्या. शेजारच्या आजी पंतांस जवळ बोलावताना तसे म्हणत. पंतांनी तो शब्द त्यांच्याच थकलेल्या, किंचित कापऱ्या आवाजात जतन केला होता. दोन-अडीच वर्षांनी ते शेजारी निवृत्तिवेतनाच्या कामासाठी दिल्लीस आले आणि आमच्याकडे उतरले. त्यांच्या मातोश्री त्याआधीच निवर्तल्या होत्या. सायंकाळी चादर घालण्याच्या वेळी पंतांनी मान खाली घातली आणि नेहमीप्रमाणे म्हटले, ‘वा, कण्णा’. ते गृहस्थ उठले, पिंजऱ्यापाशी गेले, आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. आम्ही कोणी काही बोललो नाही. ज्यास आपण घरातील करमणूक समजतो, तो घरातील माणसांचा जिवंत अभिलेखही असतो, हे आम्हांस त्या सायंकाळी समजले.

येथून आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. चांगल्या देखभालीत करडा पोपट चाळीस-पन्नास वर्षे जगतो. दक्षिण अमेरिकेतील मकाव जातीचे मोठे पोपटही पन्नाशी गाठतात. आमच्या निवृत्तीस चार वर्षे राहिली आहेत. निवृत्तीनंतर काही महिन्यांत निवासस्थान रिकामे करावे लागते, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. आम्ही आयुष्यभर बदल्या केल्या. प्रत्येक पदाची मुदत असते, प्रत्येक घराची असते. पंतांच्या मुक्कामाची मुदत मात्र आमच्या मुदतीपेक्षा मोठी आहे. आम्हांस पंचाऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले तरी त्या वेळी ते चाळिशीच्या आसपास असतील. म्हणजे ऐन उमेदीत. कुत्रा आणला तर बहुधा आपण त्यास पोहोचवितो. मोठा पोपट आणला तर तो आपणांस पोहोचवितो, आणि नंतर आपल्या आवाजात आपल्याच मुलांस हाक मारतो.

तेव्हा आम्ही काय केले, ते सांगतो; कारण ह्याचा उपयोग होण्यासारखा आहे. सरकारी सेवेने आम्हांस एक कला शिकविली आहे: कार्यभार हस्तांतरणाची टिपणी लिहिणे. आपल्या जागी येणाऱ्यास काही विचारावे लागू नये इतकी ती स्पष्ट असावी लागते. आम्ही पंतांच्या नावाची एक नस्ती उघडली. तीत नोंदणीचे कागद आहेत, पशुवैद्यांची चिठ्ठीपत्रे आहेत, आहाराचे कोष्टक आहे. आणि एक शब्दसूची आहे. ‘पाणी’ म्हणजे पिण्याचे पाणी नव्हे, अंगावर फवारा हवा. तीन शिट्या म्हणजे भूक. ‘वा, कण्णा’ म्हणजे मान खाजवा. ‘ते अंघोळीला गेलेत’ ह्यास अर्थ नाही, उत्तर देऊ नये. पुढे कोणाच्याही घरी ते गेले, तरी त्यांचे म्हणणे त्या घरास कळावे, एवढाच हेतू. दुसरे, कायद्याने पक्ष्याच्या नावे काही ठेवता येत नाही. म्हणून मृत्युपत्रात आम्ही त्यांच्या सांभाळाची जबाबदारी आणि त्यासाठीची रक्कम कन्येच्या नावे ठेवली आहे. हे तिला विचारून केले. ती तेवीस वर्षांची आहे. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘बाबा, म्हणजे मी साठीची होईपर्यंत हे असणार.’ आम्ही ‘होय’ म्हटले. ‘मग लग्नाच्या बोलणीत आधी ह्यांचाच विषय काढावा लागेल,’ असे म्हणून तिने होकार दिला. ज्या घरात असा होकार मिळत नाही, त्या घरात मोठा पोपट येऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि जेथून हे पक्षी येतात त्या बाजूसही पाहिले पाहिजे. घानामध्ये १९९२ नंतरच्या पाव शतकात करड्या पोपटांची संख्या ९० ते ९९ टक्क्यांनी घटली, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जंगलतोड आणि पिंजऱ्यांसाठी होणारी धरपकड ही त्याची कारणे. त्याच वर्षी जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ह्या पक्ष्यास सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत घातले गेले, आणि रानातून पकडलेल्या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद ठरला. आपल्या पहाडी पोपटाची गणनाही आज जगात संकटाच्या उंबरठ्यावरील पक्ष्यांत होते, आणि पिल्लांची चोरी हे त्याचे एक मोठे कारण आहे.

ही चोरी कशी होते हे बाणभट्टाने सांगून ठेवले आहे. वैशंपायन आपली जन्मकथा सांगतो ती अशी: विंध्याटवीत पंपा सरोवराकाठी एक जुनाट शाल्मली वृक्ष, त्याच्या ढोलींत हजारो पोपटांची वस्ती. एक म्हातारा शबर झाडावर चढतो, ढोलीढोलीत हात घालून पिल्ले ओढून काढतो आणि माना मोडून खाली टाकतो. वैशंपायनाचा वृद्ध पिता त्यास पंखाखाली झाकतो. पिता मारला जातो, आणि पिल्लू त्याच्याबरोबर खाली पडून पाचोळ्यावर वाचते. तेराशे-चौदाशे वर्षे झाली. पद्धत तीच आहे. फक्त माना न मोडता पिल्ले पिशवीत भरली जातात, कारण आज त्यांस गिऱ्हाईक आहे.

ढोलीचा विषय निघाला म्हणून आमच्या परिसराविषयी दोन शब्द. पोपट घरटे बांधीत नाही. सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने कोरलेली, अथवा लाकूड कुजून झालेली जुनी पोकळी तो शोधतो आणि थोडी रुंद करतो. अशी पोकळी कोवळ्या झाडास नसते; त्यास वय लागते. लक्ष्मीबाई नगरातील जुने निंब आणि पिंपळ, लोदी उद्यानातील वृक्ष, मकबऱ्यांच्या भिंतींतील भोके, ही दिल्लीच्या पोपटांची खरी सरकारी निवासस्थाने. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर इत्यादी सात वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. २०१८ च्या जूनमध्ये त्यासाठी होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्ध सरोजिनी नगरात नागरिक झाडांस कवटाळून उभे राहिले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोडीस स्थगिती दिली. धोरणाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. सेवानियम आड येतात. एवढेच म्हणतो की एका झाडाबदली दहा रोपे लावली तरी ढोली लावता येत नाही. तिची मुदत पन्नास-साठ वर्षांची. आपल्या मंडळाच्या वयाएवढी.

तेव्हा सभागृहास तीन विनंत्या करून आम्ही भाषण आटोपते घेतो. पहिली, भारतीय पोपट विकत घेऊ नये, आणि कोणी पिल्लू आणून दिले तर ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. मुलांस पोपट दाखवावयाचा तर सायंकाळी लोदी उद्यानात न्यावे, तिकीट पडत नाही. दुसरी, ज्यांच्या घरी विदेशी पोपट आहेच, त्यांनी नोंदणी करावी, आणि आपल्यामागे त्याचे कोण, हे आजच कागदावर उतरवावे. तिसरी, मंडळाने सुवर्णमहोत्सवी निधीतून वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठेवला आहे. त्याबरोबर आपापल्या वसाहतीतील ढोली असलेल्या जुन्या झाडांची एक यादी करावी. यादी करणे हे आपणांपैकी पुष्कळांचे आयुष्यभराचे काम आहे, आणि ज्याची नोंद असते त्यावर कुऱ्हाड घालण्यापूर्वी निदान एक टिपणी लिहावी लागते.

पक्ष्याशी बोलण्यात माणसाचा वेळ वाया जातो, असे आमचे काही स्नेही म्हणतात. आमचा अनुभव निराळा आहे. घरात कोणी तरी सर्व ऐकत आहे आणि आपल्यामागे ते बोलून दाखविणार आहे, ह्या जाणिवेने आमच्या घरातील आवाज पुष्कळ खाली आला आहे. शब्द निवडून बोलावे, असे आम्हांस वाटू लागले आहे. ह्याहून मोठा लाभ कोणत्या सहवासाने दिला असता, हे आम्हांस सांगता येणार नाही.